जीपीएल प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरमध्ये मायक्रोसॉफ्टची डीएलएल घातली तर बिघडलं काय?

देवघेव (धागाकर्ता)

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. अर्धवट सांगितलं की इथे पहिली दहा उत्तरं प्रतिप्रश्नांचीच येतात.

गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून मी एक प्रोग्रॅम लिहितोय, गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी. दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी, देवघेव, वर्षाचा अहवाल, आणि स्कॅन करून ठेवलेले जुने दिवाळी अंक तिथल्या तिथे उघडायची सोय. सगळं मराठीत, फुकट. परवाना जीपीएल, म्हणजे घ्या, बदला, पुढे वाटा, पण सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) उघडा ठेवून त्याच परवान्याखाली; आवृत्ती २ किंवा त्यापुढची कुठलीही. पीडीएफसाठी पॉपलर वापरलंय, दुसऱ्यांनी लिहिलेली तयार कोडची लायब्ररी. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओच्या कम्युनिटी आवृत्तीत कंपाइल करतो, म्हणजे सोर्सची मशीनवर चालणारी बायनरी करतो.

'क' आणि 'ड' वर्गाच्या ग्रंथालयांत जी पीसी आहेत ती कुणी ना कुणी देणगी दिलेली. विंडोज ७, वर्षानुवर्षं अपडेट नाही, नेट असलंच तर ग्रंथपालांच्या मोबाइलवर. तिथे प्रोग्रॅम टाकला की पहिली पाटी: व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही. ही मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणारी तयार कोडची फाइल. म्हणून मी ती डीएलएल, तिची भावंडं आणि युनिव्हर्सल सी रनटाइमच्या फायली असं सगळं इन्स्टॉलरमध्येच भरायला लागलो. लेबल छापायच्या प्रिंटरसाठी त्या कंपनीच्या एसडीकेतली (प्रोग्रॅमरांना देतात तो संच) एक डीएलएलही आत आहे. दोन वर्षं कुणाची तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात एका कॉलेजच्या पोराने प्रकल्पाच्या पानावर लिहिलं, "तुमचा इन्स्टॉलर तुमच्याच परवान्याचा भंग करतो." मी आधी हसलो. मग वाचत बसलो आणि हसू गेलं.

तरी माझं मत सांगतो. मायक्रोसॉफ्ट ह्या डीएलएल वाटायला स्वतः परवानगी देते. माझा सोर्स उघडा आहे. वापरणाऱ्याचं काही हिरावलं जात नाही. मग भंग झाला तो नेमका कुणाचा? उलट डीएलएल काढली तर ज्यांच्यासाठी हे केलं तेच बाहेर राहतात. चुकत असेन तर सांगा, पण कारणासकट.

खडूस_कंपायलर

कारणासकट सांगतो. जीपीएल २ (जून १९९१) चं कलम ३ वाच. प्रोग्रॅम बायनरी रूपात दिलास तर त्याचा संपूर्ण सोर्स द्यायचा, त्यात जोडलेल्या लायब्ररीही आल्या. एकच सवलत आहे: ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य भागांबरोबर, म्हणजे कर्नेल, कंपायलर वगैरेंबरोबर, जे एरवी मिळतं त्याचा सोर्स द्यायला नको. आणि लगेच पुढे अट आहे: तो भाग तुझ्या बायनरीबरोबर जात नसेल तरच.

तू तो बरोबर पाठवतोस. सवलत संपली. आता व्हीसीरनटाइमचा पूर्ण सोर्स जीपीएलखाली दे, नाहीतर वाटू नकोस. पहिलं तुझ्या हातात नाही.

जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रश्नोत्तरांत हाच प्रश्न जसाच्या तसा आहे. उत्तर असं की व्हिज्युअल सी++ च्या रनटाइमला लिंक करा (जोडा), खुशाल वाटा, पण त्या डीएलएल प्रोग्रॅमबरोबर देऊ नका.

पोपटपंची

झालं, आले शास्त्रीबुवा.

अरे, कायद्याच्या पुस्तकात डोकं घालण्याआधी जगाकडे बघा. पायथॉन भाषेचा विंडोज इन्स्टॉलर उघडा, आत व्हीसीरनटाइम१४० बसलेली आहे. पायथॉनवाले चोर आहेत का?

खडूस_कंपायलर

पायथॉन जीपीएल नाही. त्यांचा परवाना सोर्स मागतच नाही, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि विंडोजवरच्या पायथॉनची परवान्याची फाइल खालपर्यंत वाचलीस तर "ह्या विंडोज बिल्डसाठी जादा अटी" असा एक तुकडा सापडेल. मायक्रोसॉफ्टच्या अटी पुढच्या माणसाला बांधून देतात ते. जीपीएलमध्ये नेमकं तेच करता येत नाही. पुढच्याच्या हक्कावर जादा बंधन टाकायचं नाही, हा परवान्याचा पाया आहे.

दुसऱ्या बाजूनेही अडतं. व्हिज्युअल स्टुडिओच्या करारात आहे की आमचा वाटपयोग्य कोड, सोर्स उघडा करायला लावणाऱ्या परवान्याखाली येईल अशा तऱ्हेने वापरू नका. म्हणजे जीपीएल म्हणतं सगळं माझ्याखाली ये, मायक्रोसॉफ्ट म्हणते आमचं तिकडे नेऊ नका. तू मध्ये उभा.

देवघेव

पण प्रोग्रॅम माझाच आहे ना? मी स्वतःच लिहून टाकतो की "ह्या डीएलएलपुरती सूट". आपल्याच घराला आपण कुलूप लावायचं की नाही ते आपणच ठरवणार.

जुना_डेबियनी

घर तुझं एकट्याचं नाही, इथेच गाडी अडते. ही गोष्ट पूर्वी होऊन गेली आहे, थोडी सांगतो.

१९९८. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप नवीन, देखणं, सगळे खूश. केडीई जीपीएलखाली, पण ते ज्या क्यूटी लायब्ररीवर उभं होतं तिचा परवाना जीपीएलशी जुळणारा नव्हता. ऑक्टोबरमध्ये डेबियन ह्या लिनक्स वाटणाऱ्या प्रकल्पाने जाहीर केलं की केडीईची पॅकेजं आम्ही वाटणार नाही. मी तेव्हा विद्यार्थी, खूप चिडलो होतो. केडीईवाले स्वतः क्यूटीला जोडूनच लिहितायत, म्हणजे त्यांची हरकत नाही हे उघड दिसतंय, मग ह्यांचं काय जातं?

डेबियनचं म्हणणं असं होतं: केडीईवाल्यांनी स्वतः लिहिलेल्या कोडला ते सूट देऊ शकतात, लेखी द्या, प्रश्न मिटेल. पण केडीईत दुसऱ्यांच्या जीपीएल प्रोग्रॅममधून उचललेला कोडही होता. त्याच्या लेखकांनी क्यूटीचं नावही काढलेलं नव्हतं. त्यांच्या वतीने सूट देणारे हे कोण?

सप्टेंबर २००० मध्ये क्यूटीच्या मालक कंपनीने, ट्रोलटेकने, क्यूटी जीपीएलखालीही दिली आणि वाद संपला. दोन वर्षं गेली मध्ये.

आता तुझं पॉपलर. ते २००५ मध्ये एक्सपीडीएफ ह्या जुन्या पीडीएफ-वाचकाच्या कोडवरून निघालं. परवाना जीपीएल. त्यात एक्सपीडीएफच्या मूळ लेखकाचा हक्क, त्यावर वर्षानुवर्षं पॅच पाठवणाऱ्यांचा हक्क. तू तुझ्या दाखल नोंदवहीला सूट देशील, पॉपलरला कशी देशील?

देवघेव

हे डोक्यात आलंच नव्हतं. शिवाय माझ्या स्वतःच्या कोडमध्येही तिघांचा हात आहे. त्यातला एक नोकरीला लागल्यापासून मेलला उत्तर देत नाही.

पोपटपंची

त्याला लग्नाला बोलाव, येईल.

चेष्टा सोडा. जुन्या डेबियनींची गोष्ट चांगली आहे, पण मला सांगा, पॉपलरच्या एका तरी लेखकाचं ह्यात नुकसान काय? त्याचा कोड बंद झाला? कुणी लपवला? खेडेगावातल्या वाचनालयात एका म्हाताऱ्याने १९७४ चा दिवाळी अंक पडद्यावर वाचला, म्हणून त्याला दुःख होईल? परवाना कशासाठी लिहिला ते बघायचं की अक्षरं मोजत बसायचं?

म्युनिकर

मी म्युनिकमध्ये असतो, म्हणून इथलं सांगतो. २००४ मध्ये इथल्याच न्यायालयाने लिनक्सच्या नेटफिल्टर ह्या फायरवॉलच्या लेखकांपैकी एक, हॅराल्ड वेल्टे यांच्या बाजूने निकाल दिला आणि जीपीएल न पाळता नेटफिल्टर असलेला राउटर विकणाऱ्या कंपनीला मनाई केली. जीपीएल म्हणजे नुसतं सदिच्छापत्र, ही समजूत त्यानंतर इथे तरी कुणाची उरली नाही.

पण पोपटपंचींचंही थोडं खरं आहे. तो वाद सोर्स न देणाऱ्याशी होता. देवघेव यांच्या दारात उद्या पोलीस येणार नाहीत.

मला जास्त जवळचं वाटतं ते व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरचं उदाहरण. ते ॲपलच्या ॲप स्टोअरवर आलं २०१० मध्ये. स्टोअरच्या अटी जीपीएलला सोसणाऱ्या नाहीत अशी हरकत व्हीएलसीच्याच एका डेव्हलपरने घेतली. एकाने. बाकीच्यांपैकी अनेकांना ते तिथे हवंच होतं. जानेवारी २०११ मध्ये ॲपलने ते काढून टाकलं. मग व्हीएलसीवाल्यांनी जुन्यानव्या लेखकांना एकेक करून गाठलं, संमती घेतली, इंजिन एलजीपीएल ह्या जरा सैल परवान्यावर नेलं. २०१३ मध्ये ते परत स्टोअरवर दिसलं. दहा जण हो म्हणाले आणि अकरावा नाही म्हणाला, तर त्या नाहीचं वजन तेवढंच असतं.

कलम_६३

कायद्याच्या बाजूने थोडं, सल्ला म्हणून नव्हे.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. परवाना देण्याचा अधिकार हक्कधारकाचा, तोही लेखी, हे कलम ३० मध्ये. कलम ६३ मध्ये भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यातल्या नफ्यासाठी केलेलं नसेल तर विशेष कारणं नोंदवून कमी शिक्षेची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे "मी फुकट देतो" हा बचाव नाही, फार तर शिक्षा हलकी व्हायचं कारण.

पण खडूस, तुम्ही अर्ध्यावरच थांबलात. देवघेव यांचा परवाना "२ किंवा त्यापुढची" असा आहे आणि पॉपलर २ किंवा ३ दोन्हींखाली मिळतं. मग ते सगळं मिळून आवृत्ती ३ खाली का देऊ नये? जून २००७ च्या आवृत्ती ३ मध्ये सिस्टीम लायब्ररीची व्याख्या नव्याने लिहिली आहे. त्यात "मुख्य घटक" म्हणजे काय हे सांगताना प्रोग्रॅम ज्याने तयार केला तो कंपायलरही मोजला आहे. आणि तुमचं ते लाडकं वाक्य, "बायनरीबरोबर जात नसेल तरच", त्या व्याख्येत नाही. शब्दशः वाचलं तर व्हिज्युअल सी++ चा रनटाइम कंपायलरबरोबर येतो, मानक इंटरफेस पुरवतो, बसतो व्याख्येत. सवलत शाबूत.

खडूस_कंपायलर

फाउंडेशनचं उत्तर आवृत्ती ३ चं नाव घेऊनच दिलेलं आहे. बरोबर वाटली तर सिस्टीम लायब्ररी राहत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. सवलतीची पळवाट होऊ नये म्हणून.

कलम_६३

प्रश्नोत्तरं म्हणजे परवाना नव्हे. कराराचा अर्थ लावताना न्यायालय आधी कराराचे शब्द बघेल. मसुदा करणाऱ्याने नंतर आपल्या संकेतस्थळावर काय मत मांडलं ते फार तर सहायक. आणि पॉपलरचा हक्क फाउंडेशनकडे नाहीच. त्यामुळे त्यांचं मत आदरणीय, बंधनकारक नाही.

हो, आवृत्ती ३ चा एक फायदा अजून. पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत चूक सुधारली, तर हक्क परत मिळतात. आवृत्ती २ मध्ये भंग झाला की परवाना आपोआप संपतो, परतीची वाट लिहिलेली नाही.

खडूस_कंपायलर

म्हणजे तुमचा सल्ला असा की परवाना लिहिणाऱ्यांनी "नको" म्हटलेलं असताना, शब्द आपल्या बाजूचे आहेत म्हणून करायचं. शब्दांना चिकटून राहिलो तेव्हा मी शास्त्रीबुवा झालो होतो ना?

पोपटपंची

हा मात्र बरोबर मारला. मागे घेतो शास्त्रीबुवा.

पण मग सगळ्यात सोपं बघा. डीएलएल सुट्या घालूच नका. मायक्रोसॉफ्टचा तो व्हीसीरेडिस्ट नावाचा इन्स्टॉलर मिळतो, तो अख्खा न फोडता ठेवा. आपला इन्स्टॉलर आधी त्याला चालवेल, त्याच्या अटी वापरणाऱ्याला तोच दाखवेल. दोन स्वतंत्र प्रोग्रॅम शेजारी शेजारी. जीपीएलमध्येच लिहिलंय की एका माध्यमावर नुसती शेजारी ठेवलेली दुसरी कृती परवान्याखाली येत नाही.

जुना_डेबियनी

हा मार्ग अगदीच हवेतला नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या वेब फाँटांचं असंच आहे. एरियल, टाइम्स न्यू रोमन, जॉर्जिया वगैरे. १९९६ पासून फुकट दिले, २००२ मध्ये डाउनलोड बंद केलं. पण परवाना असा की मूळ ईएक्सई जशीच्या तशी वाटता येते, आतले फाँट काढून नाही. म्हणून डेबियनच्या त्या पॅकेजमध्ये एकही फाँट नाही, नुसती स्क्रिप्ट आहे. ती वापरणाऱ्याच्या मशीनवर नेटवरून ईएक्सई आणते आणि तिथेच उलगडते.

सिस्कोच्या ओपनएच२६४ ह्या व्हिडिओ कोडेकचंही असंच. सोर्स बीएसडी ह्या मोकळ्या परवान्याखाली उघडा, पण पेटंटची रॉयल्टी सिस्को भरते ती स्वतःच्या सर्व्हरवरून गेलेल्या बायनरीसाठी. म्हणून फायरफॉक्स ती आपल्या पोटात घालत नाही, सिस्कोकडून वेगळी उतरवतो.

दोन्हीकडे युक्ती एकच: वाटणारा मी नाही, मालकच. पण दोन्हीकडे नेट लागतं.

ग्रंथपाल_ताई

मी हा प्रोग्रॅम वापरते. देवघेव यांनीच ह्या धाग्याचा दुवा पाठवला, म्हणून आले.

तुमचं बरंचसं डोक्यावरून गेलं. पण आमच्याकडे रोज असाच वाद होतो. वाचक संदर्भग्रंथ घेऊन येतो, म्हणतो पुस्तक तुमच्या ग्रंथालयाचं आहे ना, मग अख्ख्याची झेरॉक्स काढू द्या. पुस्तक आमचं, पण मजकूर आमचा नाही, हे समजावता समजावता दुपार जाते. त्यामुळे जुन्या डेबियनींचं मला पटलं.

आता माझी अडचण. आमच्या पीसीला नेट नाही. देवघेव पेनड्राइव्ह पाठवतात, त्यावरून मी टाकते. जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणीला येतात तेव्हा दाखल नोंदवही छापून ठेवावी लागते. त्यांना मी "परवान्याचा वाद चालू आहे" असं सांगू का? तुम्ही दोन फायली वेगवेगळ्या देणार असाल तर द्या, मी दोनदा डबल क्लिक करेन, माझ्या हाताला काही होत नाही.

पोपटपंची

ताई, तुम्हीच निकाल लावलात. एकाच पेनड्राइव्हवर दोन वेगळ्या फायली. इन्स्टॉलर वेगळा, व्हीसीरेडिस्ट वेगळा. "साठवणुकीच्या माध्यमावर शेजारी" म्हणजे अक्षरशः पेनड्राइव्हच की!

खडूस_कंपायलर

आणि कलम ३ मध्ये "बरोबर जात नसेल तरच". एकाच पेनड्राइव्हवरून गेली ती बरोबरच गेली.

पोपटपंची

मग काय दोन पेनड्राइव्ह पाठवायचे? दोन वेगळ्या कुरिअरने? आणि दुसरा मिळाल्याशिवाय पहिला लावायचा नाही अशी शपथ घालून?

कलम_६३

हसण्यावारी नेऊ नका, आवृत्ती २ चे हे दोन तुकडे एकमेकांशी भांडतातच. शेजारी ठेवण्याची मुभा आहे ती तुमच्या प्रोग्रॅमवर न बेतलेल्या स्वतंत्र कृतीसाठी. रनटाइम स्वतंत्र कृती आहे यात वाद नाही. पण ज्याच्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होत नाही ते "नुसतं शेजारी" आहे का? माझ्या मते आवृत्ती ३ घेऊन न फोडलेला व्हीसीरेडिस्ट वेगळा ठेवणं सांभाळून घेता येईल. खडूसांच्या मते नाही. ह्यावर आमच्या दोघांचं जमणार नाही.

टूलचेनवाला

ताईंनी दोनदा क्लिक करायची तयारी दाखवली, त्यापेक्षा देवघेव, तू एकदा कंपायलर बदल ना.

मिनजीडब्ल्यूने, म्हणजे विंडोजसाठीच्या जीसीसी ह्या मुक्त कंपायलरने, बांध. त्याने जुन्या एमएसव्हीसीआरटी डीएलएलला लिंक करता येतं आणि ती विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये आधीच असते. तुला पाठवायचीच नाही, म्हणजे खडूसचं वाक्यही गप्प. जीसीसीच्या स्वतःच्या लायब्ररी, एलआयबीएसटीडीसी++ वगैरे, जीपीएल ३ खाली आहेत आणि त्यांना २००९ पासूनची रनटाइम सूट जोडलेली आहे. त्या बरोबर दे, सोर्स उघडाच आहे.

दोन खड्डे आधीच सांगतो. सी++ च्या लायब्ररी एका कंपायलरच्या दुसऱ्याला चालत नाहीत, तेव्हा पॉपलर आणि त्याचं सगळं गोत्र परत बांधावं लागेल. एमएसवायएस२ मध्ये ते तयार मिळतं, पण त्यांनी विंडोज ७ ला रामराम केलाय. लिनक्सवरून एमएक्सई वापरून क्रॉस-कंपाइल कर (म्हणजे लिनक्सवर बसून विंडोजची बायनरी बांध), ३२ बिटचंही होईल. दुसरा खड्डा: ती जुनी रनटाइम देवनागरी फाइलनावांना साध्या एफओपनने (फाइल उघडायच्या फंक्शनने) हात लावत नाही.

आणि एक विचारतो. तुझी इन्स्टॉलरची स्क्रिप्ट आत्ता पाहिली. त्यात मंगल डॉट टीटीएफ काय करतोय?

देवघेव

अं. विंडोज १० वर मंगल आपोआप येत नाही, निर्मला येतो. मंगल पर्यायी फाँटांमध्ये गेला. एका ग्रंथालयात विंडोज १० आलं आणि छापलेल्या अहवालाची मांडणी हलली, म्हणून माझ्या मशीनवरचा मंगल उचलून आत घातला होता.

खडूस_कंपायलर

आपण तीन दिवस व्हीसीरनटाइमवर डोकं फोडतोय, जी वाटायला मालकाची निदान काही अटींवर तरी परवानगी आहे. आणि हा मंगल वाटत होता, ज्याला कसलीच नाही.

टूलचेनवाला

मुक्ता घे. मुंबईच्या एक टाइपने केलेला, ओपन फाँट लायसन्सखाली. अहवालाला जरा छापील पुस्तकाचा चेहरा हवा असेल तर आयआयटी मुंबईची शोभिका. दोन्ही सॉफ्टवेअरबरोबर वाटता येतात, नुसता फाँट सुटा विकायचा नाही एवढंच.

प्रिंटरच्या डीएलएलचं कुणी बोललंच नाही. ती तर सिस्टीम लायब्ररी कुठल्याच व्याख्येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमशी संबंध नाही, कंपायलरशी नाही. तिच्यापुढे कलम_६३ सुद्धा हात टेकतील.

कलम_६३

टेकले. ती काढा.

म्युनिकर

एफएफएमपेग हे ऑडिओ-व्हिडिओचं साधन ह्या बाबतीत सरळ आहे. जीपीएलशी न जुळणारा भाग मुद्दाम चालू करून बांधायला गेलात तर कॉन्फिगर स्वतःच छापतं की ही बायनरी मुक्त नाही आणि वाटण्याजोगी नाही. घरी बांधा, वापरा, पुढे देऊ नका. ऑडॅसिटी ह्या ध्वनिसंपादकाची बायनरीही वर्षानुवर्षं एएसआयओशिवायच (स्टाइनबर्ग कंपनीची साउंड कार्डाशी बोलायची पद्धत) वाटली गेली. हवं असेल त्याने स्टाइनबर्गकडून एसडीके घेऊन स्वतःपुरतं कंपाइल करायचं. त्या एएसआयओला २०२५ मध्ये जीपीएल ३ चा पर्याय मिळाला. प्रिंटर कंपनीला एक मेल टाकून बघा, सोर्स उघडा करतात का.

देवघेव

टाकली होती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, नव्या मॉडेलची किंमत कळवणारं.

टूलचेनवाला

डीएलएल हवीच कशाला? असले लेबल प्रिंटर बहुतेक टीएसपीएल किंवा झेडपीएल समजतात. साध्या मजकुरातल्या आज्ञा असतात: लेबल एवढं रुंद, इथे बारकोड, इथे अक्षरं, दोन प्रती छाप. मॅन्युअलमध्ये बघ कुठली ते. विंडोजच्या स्पूलरकडे (छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागाकडे) रॉ म्हणून पाठव, तो न वाचता पुढे ढकलतो. शंभरेक ओळींचं काम. मराठी अक्षरं मात्र चित्र करून पाठवावी लागतील.

पोपटपंची

म्हणजे निष्कर्ष काय, तर एका भल्या माणसाने आठ-दहा रविवार घालवायचे. कारण एका परवान्यात १९९१ साली लिहिलेलं अर्धं वाक्य. कुणाचाही फायदा नाही. मायक्रोसॉफ्टला पत्ता नाही, पॉपलरवाल्यांना पत्ता नाही. मला हे अजूनही पटलेलं नाही, नोंद करून ठेवा.

खडूस_कंपायलर

नोंद केली. पॉपलरवाल्यांना पत्ता नाही म्हणून चालतं, तर उद्या कुणी देवघेवचा प्रोग्रॅम सोर्स बंद करून तालुक्यातल्या शाळांना विकला आणि म्हणाला त्याला कुठे पत्ता लागतोय, तर?

पोपटपंची

तर मी त्याच्या घरी जाऊन पाटी लावेन. तो चोर आहे, हा नाही. तुम्हाला दोघे एका मापाचे दिसतात, मला नाही.

देवघेव

सहा आठवड्यांनी परत येतोय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

मिनजीडब्ल्यूवर गेलो. पॉपलर, फ्रीटाइप, ओपनजेपेग, सगळं एमएक्सईने बांधलं. पहिले चार रविवार नुसते चुका वाचण्यात गेले. देवनागरी फाइलनावांचा खड्डा टूलचेनवाल्याने सांगूनही त्यात पडलोच: इंग्रजी नावाचे अंक उघडायचे, "दीपावली १९६८" उघडायचा नाही. शेवटी फाइल रुंद अक्षरांच्या फंक्शनने मीच वाचतो आणि मेमरीतून पॉपलरला देतो.

प्रिंटर टीएसपीएलवाला निघाला, त्याची डीएलएल गेली. मंगल गेला, मुक्ता आली, अहवालाचे समास पुन्हा बसवले. नोकरीला लागलेला तो मित्रही सापडला. परवाना आवृत्ती ३ करतोय हे त्यालाही नुसतं कळवलं, "किंवा त्यापुढची" असल्यामुळे विचारायची गरज नव्हती. तो म्हणाला, "अजून चालू आहे ते?"

ताईंच्या विंडोज ७ वर काल चाललं. एकदाच डबल क्लिक. व्हीसीरनटाइम कुठे नाही.

खडूस_कंपायलर

उत्तम. पेनड्राइव्हवर सोर्स आहे ना?

देवघेव

सोर्स नेटवर आहे, पानाचा पत्ता 'वाचा' नावाच्या फाइलमध्ये दिलाय.

खडूस_कंपायलर

ताईंकडे नेट नाही. बायनरी तू पेनड्राइव्हवरून देतोस, म्हणजे वस्तूच्या रूपात. तेव्हा सोर्स त्याच वस्तूबरोबर, नाहीतर मागाल तेव्हा देईन असं लेखी. आवृत्ती २ मध्येही होतं, ३ मध्येही आहे. नुसता तुझा नाही, तू बांधलेल्या पॉपलरचाही, बांधायच्या स्क्रिप्टांसकट.

कलम_६३

ह्यात मात्र मी त्यांच्या बाजूने. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर डीएलएलपेक्षा हे जास्त सरळसोट कलम आहे. चार वर्षं हाच भंग चालू होता, आपल्यापैकी कुणाला दिसला नाही.

पोपटपंची

मला दिसला असता तरी मी सांगितला नसता.

देवघेव

झिप करतोय. सगळ्या लायब्ररींच्या सोर्ससकट बरीच मोठी होईल असं दिसतंय. ताई, तुमचा पेनड्राइव्ह केवढा आहे?

ग्रंथपाल_ताई

सोळा जीबी. त्यावर वार्षिक सभेचे फोटो आहेत, ते तेवढे पुसू नका.